लिंबाएवढ्या मोटारीचं वारं

भालकीच्या एका हायस्कुलात मी बावीस वर्षं विज्ञान शिकवते आहे. दहावीचा विजेचा धडा मला पाठ आहे. चुंबक, तारेचं वेटोळं, त्यातून जाणारा प्रवाह, सगळी आकृती फळ्याकडं न बघता काढू शकते. पण घरातला फ्यूज उडाला की मी दार उघडून शेजाऱ्यांना हाक मारते, आणि सॉकेटात पिन घालताना तोंड दुसरीकडं फिरवते. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांपासून, मुख्याध्यापकांपासून आणि थोडीफार स्वतःपासूनही लपवून ठेवली होती. मायच्या तुरीनं ती चव्हाट्यावर आणली.

माय जनवाड्याजवळच्या आमच्या गावात एकटी राहते. बुद्धविहाराच्या मागं दोन खोल्या आणि ओढ्याच्या अंगाला दोन एकर रान. ते रान मी नोकरी लागल्यावर पहिल्या पाच-सहा वर्षांत तिच्या नावावर घेतलं. त्याआधी तिची सगळी उमेद दुसऱ्यांच्या रानात खर्ची पडली होती. त्यामुळं या दोन एकरांत ती जे करते त्याला शेती म्हणणं जरा कमीच आहे. बांधावर बसून ती तुरीशी बोलते. मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

तूरही साधी नाही. जुन्या वाणाची पांढरी तूर आहे, आणि बियाणं दरवर्षी घरचंच. गावात मळणीचं मशीन येतं, तासाभरात पोती भरून देतं, पण माय त्याला खळ्याजवळ फिरकू देत नाही. "ते गावभर फिरायलंय. त्याच्या पोटात सगळ्यांची तूर ऱ्हाती. माझ्या बियात लाल दाणा आला तर तू निवडून देनार हाईस व्हय?" असं तिचं म्हणणं. म्हणून ती तूर काठीनं बडवते आणि तीन पायांच्या उंच तिवईवर चढून, सुपातून धार सोडून, वाऱ्यावर उफणते. दाणे खाली पडतात, भुसकट उडून बाजूला जातं. वय पंचाहत्तरच्या पुढं.

गेल्या संक्रांतीच्या तोंडावर ती तिवईवरून पडली. हाड मोडलं नाही, पण गुडघा भोपळ्याएवढा सुजला. डॉक्टरांनी सांगितलं, आता उंचावर चढायचं नाव काढायचं नाही. मी शाळा सोडून धावत गेले. माझं एक आहे, मला भीती वाटली की ती रागाच्याच वाटेनं बाहेर येते. मायच्या गुडघ्याला लेप लावता लावता मी जाहीर करून टाकलं, "बास झालं. पाडव्याला रान बटईनं द्यायचं, अन् तू भालकीला चलायचं."

बटईनं म्हणजे दुसऱ्यानं कसायचं आणि अर्धं पीक त्याचं. घ्यायला माणूस तयारच होता. माझा चुलतभाऊ, मी त्याला अण्णा म्हणते, तीन वर्षांपासून आमच्या बांधावरून येता-जाता रानाकडं असा बघायचा की मला रानाचीच लाज वाटायची.

"अन् ही रास?" मायनं विचारलं.

"अण्णा उफणील."

"माझी तूर मीच उफणणार."

"उफण की! खाली बसून उफण! पाडव्याच्या आत ही रास एकटीनं उफणून घरात आणलीस, तर मी रानाचं नाव काढणार न्हाई."

खळ्यावर खाली बसून उफणता येत नाही. जमिनीलगत वारं नसतं, म्हणून तर तिवई. हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि विचारलं, "बोल दिलीस?" मी म्हटलं, "दिले."

खरं सांगायचं तर मला ती जवळ हवी होती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी पुण्याला, आणि भालकीच्या घरात रात्रीच्या जेवणाला मी आणि टीव्हीवरची बातम्या सांगणारी बाई एवढ्याच. मायच्या गुडघ्याची काळजी होतीच, पण तिच्यापेक्षा माझ्या घराची पोकळी मोठी होती. हे त्या वेळी मी कबूल केलं नसतं.

त्यानंतर माय रोज लंगडत खळ्यावर जाऊ लागली. आमचं खळं म्हणजे विहाराच्या बाजूचं सारवलेलं पटांगण. तिथं ती राशीपुढं सूप घेऊन बसायची. अण्णा मला फोनवर रोजची खबर द्यायचा. "अक्का, आज बी वारं न्हाई." दुसऱ्या दिवशी, "अक्का, पिंपळाचं पान हाललं, पन ते कावळ्यानं." त्याच्या आवाजात दुःख असायचं, पण ते बेताचंच.

तिसऱ्या रविवारी मी गेले तेव्हा ती तशीच बसली होती. तक्रार नाही, रडणं नाही. सुपातली ओंजळभर तूर हातावर घेऊन ती फुंकर मारत होती. एका फुंकरीत पाच-सात दाणे साफ व्हायचे. मग ती ते बाजूच्या वाटीत टाकायची. समोर चार पोत्यांची रास, आणि वाटी अर्धी भरलेली. जिंकायला गेलेली मी तिथंच हरायच्या तयारीला लागले.

पुढच्या रविवारी मी भालकीचा टेबलफॅन बसच्या टपावर टाकून नेला. विहाराच्या ओट्यावरल्या सॉकेटातून वायर काढली. फॅन फिरला, पण झोपेतून उठवल्यासारखा. घरातली वीज दोनशेतीस व्होल्टची असते असं मी फळ्यावर लिहिते. आमच्या गावात भर दुपारी ती एकशेसाठवर येते, कारण तेव्हा सगळ्या शिवारातले पंप चालू असतात. भुसकट जागचं हललं नाही. मायचा पदर मात्र हलला. "बरं वाटायलंय गं," ती म्हणाली. "मला."

मला राग आला. विजेवर, पंपांवर, आणि सगळ्यात जास्त माझ्या बावीस वर्षांवर. वारा म्हणजे हललेली हवा. ती हलवता येत नसेल तर मी शाळेत करते काय?

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक खोकं होतं. ड्रोन बनवायचं साहित्य म्हणून आलेलं, यादीत चढवलेलं आणि कपाटात कुलूप लावून ठेवलेलं, कारण वापरलं तर खराब होईल. मी किल्ली मागून घेतली आणि ते उघडलं. आत लिंबाएवढ्या चार मोटारी होत्या. प्रत्येकीला प्लास्टिकचं पातं लावायचं. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की त्यांच्यात घासणारे कार्बन नाहीत आणि चार मोटारींनी मिळून दोन किलो वजन उचलता येतं. मी हिशेब केला, एका मोटारीला अर्धा किलो. अर्धा किलो उचलायला जेवढी हवा खाली ढकलावी लागेल, तेवढी आडवी ढकलली तर भुसकटाची काय बिशाद? शाळेची वस्तू घरी न्यायचं धाडस माझ्यात नाही. मी तशीच एक मोटार, तिची वेग सांभाळणारी छोटी डबी आणि फिरवायचं बटण असं सगळं मोबाईलवरून मागवलं.

पाकीट आलं. मोटारीतून तीन वायरी निघाल्या होत्या. घरच्या सॉकेटाला भोकं दोन, तिसरं अर्थिंगचं. मी बराच वेळ त्या तीन वायरींकडं बघितलं आणि पाकीट पर्समध्ये घालून वाइंडिंगवाल्या अप्पांकडं गेले.

भालकीच्या बसस्टँडमागं त्यांचं दुकान आहे. पंचक्रोशीतल्या बोअरच्या जळालेल्या मोटारी तिथं येतात, अप्पा त्यांची तार उकलतात आणि नवी भरतात. सत्तरी गाठलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, चष्मा दोरीनं बांधलेला. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, तारेच्या व्यापाऱ्याशी दखनी. चिडले की तिन्ही एकदम.

"बर्री अक्का, कुंद्री," त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. "काय जळालं?"

"अजून काही जळालं न्हाई, अप्पा."

"मग कामून आलाव?"

मी मोटार त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उलटीसुलटी केली, कानाशी नेऊन बोटानं फिरवली. "ही मोटार हाय व्हय? मला वाटलं, दाराला बांधायचं लिंबू. वायरी किती?"

"तीन."

"तीन वायरी म्हंजी थ्री फेज. धाकटी असू द्या न्हाईतर थोरली असू द्या, खानदान एकच."

आमच्या भागात हे वाक्य कुणालाही पटलं असतं. पंपाच्या मोटारीला तीन वायरी असतात, त्या थ्री फेजच्या स्टार्टरला जातात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. गावात थ्री फेज कधी येणार यावर माणसं जेवणाच्या, झोपेच्या वेळा ठरवतात. ज्या गोष्टीला तीन वायरी, ती थ्री फेजची. मी एम.एस्सी. झालेली बाई, मलाही ते पटलं.

"मग ही डबी कशाला असंल?" मी पर्समधून दुसरी वस्तू काढली.

"ती रेग्युलेटर असंल. रेग्युलेटर मागून बघू. आधी मोटार फिरती का बघावं का न्हाई?"

यात न पटण्यासारखं काय होतं? अप्पांनी मोटार लाकडावर आवळली, तीन वायरी भिंतीवरच्या टेस्टिंगच्या बोर्डाला लावल्या, मला चार पावलं मागं उभं केलं आणि खटका दाबला.

फट्ट असा आवाज झाला आणि निळा उजेड पडला. मग अंधार. माझ्या डोळ्यांपुढचा वेगळा आणि दुकानातला वेगळा. शेजारच्या रसवंतीचा चरक अर्धा ऊस तोंडात धरून थांबला. रसवंतीवाला हातात दुसरा ऊस घेऊन दारात आला आणि अप्पांना जे बोलला ते मी शिक्षिका असल्यानं इथं लिहीत नाही. जळक्या तारेचा वास सुटला होता. अप्पांच्या दुकानात तो नेहमीच असतो, पण हा ताजा होता.

"बोगस माल," अप्पा फ्यूज बदलता बदलता म्हणाले. "चारशे व्होल्ट सोसत न्हाई, तिला मोटार कामून म्हनायचं?"

नाचता येईना अंगण वाकडं, हे मी मनात म्हटलं. पण अंगण वाकडं म्हणणाऱ्यात मीही होते.

तरी अप्पा म्हणजे कारागीर माणूस. जळालेली मोटार समोर आहे आणि ती उघडली नाही, असं त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. त्यांनी पकडीनं तिचं वरचं टोपण काढलं, भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ ते काळ्या पडलेल्या तारेचे वेढे सुईनं मोजत होते.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "आपुन चुकलाव."

"काय झालं?"

"तार बघा, जाड हाय. अन् वेढे बोटावर मोजा. बोअरच्या मोटारीत तार बारीक अन् वेढे ढीगभर. वेढे जास्त, तर व्होल्टेज जास्त पचतंय. हिला व्होल्टेज थोडंच पाहिजे अन् करंट दाबून. दूध पिनाऱ्या लेकराला आपुन कडक भाकर चारलाव."

मी मान खाली घातली. वेढ्यांचा आणि व्होल्टेजचा संबंध मी दरवर्षी जानेवारीत दोन तुकड्यांना शिकवते, चार मार्काला येतो म्हणून दोनदा. अप्पा सातवीत शाळेतून पळाले होते. त्यांनी सुईच्या टोकानं तो मला वाचून दाखवला.

दुसरी मोटार मागवली. ती येईपर्यंत मी सूचनांचा कागद वाचून काढला, जे मी विद्यार्थ्यांना प्रयोगाच्या आधी करायला सांगते. मोटारीला बारा व्होल्टची सरळ वीज लागत होती. दुकानांच्या दिव्यांच्या पाट्या जिच्यावर चालतात ती भोकाभोकांची पत्र्याची पेटी मी विकत घेतली. एका बाजूनं घरची लाईट आत जाते, दुसऱ्या बाजूनं बारा व्होल्ट बाहेर येतात. तिथून दोन वायरी त्या छोट्या डबीत, आणि डबीतून तीन वायरी मोटारीला. डबीचं काम असं की ती तीन वेटोळ्यांना पाळीपाळीनं, फार चटचट, वीज देते. बटण फिरवलं की पाळ्या भराभर होतात आणि मोटार जोरात पळते.

हे सगळं मी अप्पांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि टेबलावर हात आपटला.

"म्हंजी ही डबी थ्री फेज बनवती!"

"तसं म्हटलं तर... व्हय."

"मग मी पयल्या दिवशी काय म्हनलो होतो?"

जो माणूस अर्धा बरोबर असतो त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्या दिवसापासून अप्पा गिऱ्हाइकांना सांगतात की टीचरला थ्री फेजचं मीच सांगितलो.

जोडणी झाली. पेटीची पिन अप्पांनी घातली, मी रसवंतीकडं बघत होते. मोटार फिरली नाही. ती बोलायला लागली. टी, टी, टी, टी. थांबेचना. अप्पांनी वायरी हलवल्या, मी बटण पुढं फिरवलं, मागं फिरवलं, आणखी पुढं फिरवलं. टी, टी, टी. रसवंतीवाल्यानं भिंतीपलीकडून विचारलं, कुणाचा गजर वाजायलाय.

"पयली मोटार हितंच गेली," अप्पा गंभीरपणे म्हणाले. "हिला भ्या वाटायलंय." त्यांनी कोनाड्यातलं विभूतीचं ताट आणलं, मोटारीला बोट लावलं, पेटीला लावलं. बटणाला लावताना ते जरा घसरलं आणि पार मागं, शून्यावर गेलं. टीटी थांबली. एक लांब सूर आला आणि शांतता.

अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की पुढं काही बोलायची गरजच नव्हती. मी कागद काढला. पहिल्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की वीज देताना बटण शून्यावर असलंच पाहिजे, नाहीतर मोटार फिरणार नाही. चुकून कुणाचं बोट जाऊ नये म्हणून ही सोय आहे. मी वाचायला दुसऱ्या पानापासून सुरुवात केली होती. ओळ वाचून दाखवली तरी अप्पांचा विभूतीवरचा विश्वास तिळभर कमी झाला नाही.

आता पातं लावलं. मोटार फळीवर बसवलेली, फळी अप्पांनी दोन्ही हातांनी दाबून धरलेली. "वाढवा अक्का, हळू." मी हळूच वाढवलं, पण तोंड रसवंतीकडं फिरवून, आणि न बघणाऱ्या हाताला हळू कळत नाही. भुंग्यासारखा आवाज चढला. वारं रस्त्याकडं जायचं, ते आमच्याकडं आलं. विभूतीचं ताट आमच्या आणि मोटारीच्या मधोमध होतं.

धूर बघून रसवंतीवाला पाण्याची बादली घेऊन पळत आला. धूर नव्हता. दुकानातली कित्येक वर्षांची धूळ आणि अप्पांची महिन्याभराची विभूती हवेत होती, आणि तिच्यातून आम्ही दोघं पांढरेफटक उभे होतो. अप्पांच्या चष्म्याच्या काचाही पांढऱ्या.

"उलटी फिरायली," ते आतून म्हणाले. "दोन वायरी अदलाबदल करा."

पंप उलटा फिरला की इथला प्रत्येक शेतकरी हेच करतो. तिन्हीतल्या कुठल्याही दोन वायरींची जागा बदलायची. वीज बंद करून आम्ही ते केलं आणि वारं मुकाट रस्त्याकडं गेलं. सूचनांच्या कागदातही नंतर तेच सापडलं. पान चार.

पाडव्याला आठ दिवस उरले होते. रविवारी सकाळी मी सगळं गावाला नेलं. बोटं सलामत राहावीत म्हणून मोटारीभोवती टेबलफॅनची जाळी बांधली होती. फॅननं निदान तेवढं तरी काम केलं. खळ्यावर गर्दी जमली. अण्णा बाज घेऊन आला आणि तिच्यावर बसला. त्याला उत्सुकता होती, आणि त्याचं नशीबही तिथंच ठरणार होतं.

मायनं जाळीत वाकून बघितलं. "हे एवढुसं?"

"एवढुसंच."

मी पिन हातात घेतली, तोंड फिरवलं आणि सॉकेटाची भोकं चाचपडू लागले.

"तिकडं कुनाला बघायलीस?" मायनं विचारलं. मग तिला उमजलं. "अगं बया! तू लाईटीला भितीस व्हय? पोरास्नी हेच शिकवितीस नव्हं?" सगळं खळं हसलं. आमच्या शाळेत शिकणारी गावची चार पोरं त्या गर्दीत होती. मायनं पिन माझ्या हातातून घेतली, ओटा पुसल्यासारखी सहज सॉकेटात बसवली आणि खटका दाबला.

पहिल्या खेपेला मी घाई केली. मायच्या सुपातली धार सुटली, मी बटण निम्म्याच्या पुढं नेलं आणि भुसकटासोबत तूरही उडाली. दाणे अण्णाच्या तोंडावर तडतडले. मी घाबरून बटण एकदम मागं आणलं, तर पत्र्याच्या पेटीनं मान टाकली. एकदम थांबणाऱ्या मोटारीतून वीज उलटी येते आणि पेटीला ती सोसत नाही, हे मला नंतर कळलं. पिन काढून, दहा आकडे मोजून पुन्हा घातली तेव्हा ती जागी झाली.

"सर बाजूला," माय म्हणाली. "अडाण्यावानी करू नको. काय काय करायचं तेवढं सांग."

मी सांगितलं. पिन घालायच्या आधी बटण शून्यावर. लांब सूर येईपर्यंत थांबायचं. मग वाढवायचं, तेही हळूहळू, आणि कमी करायचं तेही हळूहळू.

"म्हंजी नव्या सुनंवानी हाय. आल्या आल्या काम सांगू न्हाई, अन् एकदम वरडू न्हाई."

बावीस वर्षांत इतकी चांगली सूचना मी फळ्यावर लिहिलेली नाही. बटणाभोवती मी पेनानं आकडे काढले होते, तीनवर तूर, पाचवर अमुक. मायनं त्यांच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. एका हातानं बटण धरलं, दुसऱ्या हातानं चिमूटभर तूर जाळीपुढं सोडली, कान मोटारीकडं दिला. पुन्हा चिमूट, पुन्हा कान. वारं पारखायचं काम ती जन्मभर करत आली होती, फक्त आजवर वारं तिचं ऐकत नव्हतं. तिसऱ्या चिमटीला दाणे सरळ खाली पडले आणि भुसकट दोन हातांवर जाऊन बसलं. तिनं बटण सोडलं, पाय पसरून पोत्यावर बसली आणि मांडीच्या उंचीवरून सुपाची धार धरली. धूळ तिच्यापासून लांब, पलीकडं निघाली.

धारेचा बारीक आवाज आणि मोटारीची गुणगुण. अण्णा बाजेवरून उठला, रिकामं सूप भरून तिच्या हाताशी ठेवू लागला. मायनं त्याला थांबवलं. "एकटीनं म्हनून बोल झालाय. ठेव ते खाली." तो बिचारा ठेवून पुन्हा बाजेवर जाऊन बसला.

दुपारी शिवारातले पंप सुरू झाले. विहारातला दिवा पिवळा पडला, शेजारच्या घरातला पंखा पाती मोजता येतील इतका मंदावला. मी मोटारीकडं बघत होते. तिला काही फरक पडला नाही. ती पत्र्याची पेटी एकशेसाठ मिळाले काय नि दोनशेतीस मिळाले काय, बाहेर बाराच देत होती. मला तिचा मुका घ्यावासा वाटला, पण आत लाईट होती.

तीन वाजेपर्यंत तीन पोती भरली. चौथ्याचा ढीग निम्म्यावर आला होता. मी पलीकडं भुसकट सारत होते आणि एकाएकी गुणगुण थांबली. वारं गेलं.

एवढ्याशा ढिगासाठी? मी अप्पांना मनातल्या मनात शिव्या दिल्या, विभूतीला दिल्या, मोबाईलवरच्या दुकानाला दिल्या. पिन बघितली, जागेवर होती. पेटीचा हिरवा दिवा चालू. डबीला हात लावला, कोमट. आणि मी, लाईटीला हात न लावणारी बाई, वायरी एकेक चाचपत मोटारीपर्यंत आले. सगळं ठीक होतं. मग माझं लक्ष बटणाकडं गेलं. ते शून्यावर होतं.

माय सूप पालथं घालून मांडीवर हात ठेवून बसली होती.

"मोटार कामून थांबली?"

"मी थांबविले."

"दमलीस? गुडघा दुखायलाय?"

"न्हाई." तिनं पदरावरचं भुसकट झाडलं. मग राशीकडंच बघत म्हणाली, "मालकाच्या खळ्यावर वारं पडलं की मुकादम वरडायचा. वारं न्हाई तर खडे येचा. वारं न्हाई तर पोती शिवा, जनावराला पानी दावा. चाळीस वर्सं वारं पडलेलं बघितले. वारं पडलं म्हनून बसले न्हाई कधी. आज बसून बघायले."

अण्णानं बाजेवर चुळबुळ केली आणि खाकरून विचारलं, "मग काकू, पाडव्याचं काय?"

उत्तर मी द्यायचं होतं. बोल माझा होता. भालकीच्या घराचं कुलूप मला डोळ्यांपुढं दिसलं. संध्याकाळी ते मीच उघडणार होते, पाडव्यालाही मीच आणि त्याच्या पुढंही. वाईट वाटलं, आणि ते लपवायची ताकद माझ्यात नव्हती, म्हणून मी लपवलं नाही.

"पाडव्याला काही न्हाई, अण्णा," मी म्हटलं. "रान मायच करणार हाय."

मायनं मान वर केली नाही. पोत्यावर थोडी सरकली आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"बस," ती म्हणाली. "वारं पडलंय."

मी बसले. ढिगात अजून अर्धं पोतं तूर बाकी होती, आणि आम्हाला दोघींना कसलीही घाई नव्हती.